गॅलरीचा फळा

१

गुरुवारी सकाळी फळा लागला नाही, म्हणून मी जगदीशला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मग त्याच्या खालच्या मजल्यावरच्या रखमाला फोन केला आणि म्हटलं, "रखमा, वर जा आणि दार ठोठाव." ती कुरकुरली, गुडघ्यांच्या नावाने खडे फोडले, पण गेली.

लालबागच्या कुडाळकर चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर आता जगदीश तावडे एकटाच राहत होता. बाकीच्या खोल्या रिकाम्या. माणसं संक्रमण शिबिरात, चाळ पाडायची तारीख तोंडावर. रखमाने दार ठोठावलं, हाका मारल्या, मग गणपती मंडळाच्या ऑफिसातल्या दोघांना बोलावून लॅच तोडून घेतलं.

जगदीश मोरीपाशी पडला होता. डोकं मोरीच्या कट्ट्याला टेकलेलं, रक्त सुकून काळं झालेलं, पंखा गरगर फिरतोय. रखमा नाकाला पदर लावून बाहेर आली आणि तिने मला फोन लावला.

दुपारपर्यंत पोलिसांनी माणूस उचललासुद्धा. जगदीशचा पुतण्या, राजेश.

संध्याकाळी त्याची पोरगी श्रेया ठाकुरद्वारला माझ्या दारात उभी. कॉलेजात शिकते, आई लहानपणीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. रडून डोळे सुजलेले.

"नलूआजी, बाबांनी नाही केलं."

"कशावरून?"

"बाबांना झुरळ मारवत नाही हो! तुम्ही आयुष्यभर लोकांचे खोटे क्लेम पकडलेत, जगदीशआजोबा नेहमी सांगायचे. मग हेही पकडा ना. मला बाबांशिवाय कोण आहे?"

मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात उभी हयात घालवली. सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेले पाहिलेत, त्यामुळे झुरळाच्या साक्षीवर माझा काडीचा विश्वास नाही. पण ते लेकरू ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघत होतं, त्यापुढे माझं काही चालेना. तिला वरणभात खायला लावला आणि म्हटलं, "बघते."

२

इन्स्पेक्टर धुरींनी मला चहा पाजला. म्हातारी आहे, बोलू दे, असा एकंदर सूर.

"साधी केस आहे, मॅडम. खोलीची दुसरी किल्ली पुतण्याकडे. बुधवारी दुपारी तो तिथे आला, दारात आरडाओरडा केला, खालच्या बाईंनी ऐकलाय. भांडण नव्या इमारतीतल्या जागेवरून. आत शिरला, ढकललं, लॅच ओढून पळाला."

"तो काय म्हणतो?"

"म्हणतो, काकाने दार उघडलं नाही, रुसला असेल म्हणून मी परत गेलो. किल्ली घरी राहिली होती म्हणे."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डोक्यात आतल्या आत रक्त साकळलं. लगेच नाही गेले. पडल्यानंतर रात्रभर, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत धुगधुगी असणार." त्यांनी बशीत चहा ओतला. "म्हणजे बुधवारी दुपारी पडले, गुरुवारी सकाळी संपले."

"अहो, आणि वास? घटकाभराच्या मयताला वास येतो होय?"

"ऑक्टोबर आहे, मॅडम. बंद खोली. डॉक्टरही जरा आगेमागे धरतात. पण मला सांगा, मंगळवारी त्यांचा फळा आला ना? बुधवारी सकाळी आला ना? तुम्ही स्वतः खाली 'हजर' लिहिलंय." त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "मेलेला माणूस फळा लिहीत नाही."

माझं डोकं फिरलं. मी चहा अर्धा टाकून उठले.

३

आता हा फळा काय, ते सांगायला हवं. त्यासाठी 'गॅलरी' सांगायला हवी.

वीस वर्षं झाली. जगदीश तेव्हा बेस्टमध्ये कारकून होता. त्याच चाळीत वाढलेला यशोधन पेडणेकर नुकता कॉम्प्युटर शिकून नोकरीला लागला होता. दोघांनी मिळून इंटरनेटवर एक चाळ बांधली. खरंच चाळ! मजले, जिने, खोल्या. सभासद झालात की खोली मिळायची. खोलीत तुम्ही आठवणी लिहायच्या, जुने फोटो लावायचे, आईबापांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवायचे. घरातलं नाजूक काही असेल तर खोलीला कुलूप लावता यायचं, म्हणजे ते फक्त जवळच्यांना दिसणार.

लोक तुटून पडले. गिरगाव, परळ, दादर, भायखळा तर होतेच, पण दुबई नि न्यू जर्सीला गेलेलेही रात्री जागून गॅलरीत येऊन बसायचे. कुणी गिरणीच्या पाळीबद्दल लिही, कुणी सामाईक संडासाच्या रांगेतल्या प्रेमप्रकरणाबद्दल. यशोधनचा 'मयताची कार्डं' हा लेख तर आम्ही एकमेकांना वाचून दाखवायचो. त्याचं अक्षर चांगलं म्हणून चाळीत कुणी गेलं की पोस्टकार्डं लिहायला त्याला बसवायचे. पहिल्या खेपेला सवयीप्रमाणे त्याने वर 'श्री' काढला आणि आजोबांनी मुस्काटात भडकावली. मयताच्या कार्डावर श्री नसतो, ही अक्कल मला गाल सुजवून आली, असं त्याने लिहिलं होतं. पोट धरून हसलो होतो आम्ही. दरवर्षी दादरला हॉल घेऊन मेळावा व्हायचा, उभं राहायला जागा नसायची.

आणि गॅलरीच्या दर्शनी भागी फळा. चाळीच्या जिन्याखाली खरा लाकडी फळा आहे. जगदीश रोज संध्याकाळी तो पुसून दुसऱ्या दिवसाचा लिहायचा आणि सकाळी आठला फोटो टाकायचा. वर पिवळ्या खडूने श्री, मधे सुविचार, खाली चाळीची नि गॅलरीची खबरबात. आम्ही खाली 'हजर' लिहायचं. जगदीशने लग्न केलं नव्हतं. तेव्हा पहिल्याच वर्षी ठरलं होतं, फळा लागला नाही तर दार ठोठावायचं. एकदा तो तापाने पडला आणि फळा चुकला, तर नऊच्या आत त्याला पंचवीस फोन. शेवटी वैतागून ताप उतरायच्या आधीच त्याने फळा लिहिला.

मग फेसबुक आलं, व्हॉट्सॲप आलं. आमचेच फोटो आमच्याकडेच फिरून येऊ लागले, खाली नाव कुणा भलत्याचं. माणसं गळत गेली. काही वारली, बरीचशी नुसतीच यायची बंद झाली. शेवटी फळ्याखाली हजर लिहिणारे आम्ही सात-आठ उरलो. तरी जगदीशने एक दिवस चुकवला नाही.

आणि या वर्षी घाण झाली. परळच्या लक्ष्मीकाकूंना फोन आला. "काकू, मी समोरच्या खोलीतला बाळ्या. तुम्ही मला चोरून लोणच्याची फोड द्यायचात, आठवतं?" आवाजही अगदी बाळ्याच्या बापासारखा. काकू विरघळल्या, आणि बाळ्याच्या ऑपरेशनसाठी होतं नव्हतं ते सगळं देऊन बसल्या. लोणच्याची गोष्ट त्यांनी फक्त गॅलरीतल्या कुलपाच्या खोलीत लिहिली होती. बाळ्याच्या बापाचा आवाजही तिथेच होता. काकूंनी हाय खाल्ली, पंधरवड्यात गेल्या.

कुलपं उघडणाऱ्या किल्ल्या तिघांकडेच. जगदीश, यशोधन आणि गॅलरीची व्यवस्था बघणारी सुरुची. गेल्या रविवारच्या फळ्यावर जगदीशने लिहिलं होतं, "आपल्यातला घरभेदी सापडला. मंगळवारी नाव सांगतो."

मंगळवारी फळ्यावर आलं ते भलतंच. "तब्येत बरी नाही. आज नावबिव नाही. कोणी फोन करू नये, झोपतो आहे." बुधवारी, "आता बरं वाटतंय. नाव सांगण्यात अर्थ नाही, झालं ते झालं. आज दुपारी पाणी नाही, भरून ठेवा."

आम्हाला वाटलं, म्हातारा मवाळ झाला.

४

सुरुची दादरला हिंदू कॉलनीत राहते. शाळेतून निवृत्त झाली, पण आवाज अजून वर्गातलाच.

"महिनाभर मी बोलत नव्हते त्याच्याशी," ती म्हणाली. "लक्ष्मीकाकू गेल्या तेव्हा मी सगळ्यांसमक्ष म्हटलं, तुझ्या गॅलरीने मारलं त्यांना. आता जीभ झडावी असं वाटतं."

"सोमवारपासून कुठे होतीस?"

"इथेच. एकटी. साक्षीदार कुणी नाही, ताई. हवं तर कर संशय."

"तोच तर करतेय," मी म्हटलं. ती रागावली नाही, उलट हसली आणि मग रडायला लागली.

यशोधनचं ऑफिस वरळीला, समुद्र दिसतो. मला बघून तो उठून पाया पडला.

"नलूताई, जगदीशदादाने मला खडू धरायला शिकवलं हो. माझं अक्षर म्हणजे त्याचंच अक्षर. आणि मी नेमका सिंगापूरला. मंगळवारी पहाटे निघालो, गुरुवारी रात्री परत आलो आणि ही बातमी." त्याने न विचारताच पासपोर्ट टेबलावर ठेवला. "बुधवारचा फळा मी तिथे हॉटेलात वाचला. वाटलं, चला, बरा झाला."

"कुलपाच्या खोल्यांतलं बाहेर कसं गेलं रे?"

"सुरुचीकडेही किल्ली आहे." मग जरा थांबून म्हणाला, "मला कुणावर आळ घ्यायचा नाही."

घेतलास की मेल्या, मी मनात म्हटलं. वर म्हटलं, "रविवारी जिन्याखाली शोकसभा आहे. दहावं-तेरावं राजेश सुटल्याशिवाय कोण करणार?"

"येईन. विधीबिधी मी आता काही मानत नाही, पण सभेला येईन."

मी टॅक्सीत बसले ती चरफडतच. माणूस मला आवडला नव्हता, पण न आवडणं म्हणजे पुरावा नव्हे. त्याच्या पासपोर्टवर शिक्के होते. तो मंगळवार-बुधवार लालबागेत असूच शकत नव्हता.

५

शनिवारी मी रखमाकडे गेले. जिन्याखाली फळा तसाच होता, बुधवारचा. तब्येत, नाव, पाणी. कुणी हात लावला नव्हता.

रखमाने कोकमाचं सरबत दिलं आणि राजेशबद्दल हळहळली. मी म्हटलं, "बुधवारी दुपारी तू घरातच होतीस?"

"होतंय तर. पाणी नाय तर जातंय खंय?" आणि मग एकदम भडकली. "मेल्या जगदीशानं माझी कंबर मोडल्यान, बाय. मंगळवारी फळ्यार वाचलंय, आज दुपारी पाणी नाय. म्हणान सगळी भांडी, पिंप भरून ठेवलंय. आणि नळ दिवसभर धो धो! बुधवारी मात्र खराच गेला."

"मंगळवारी? नक्की? बुधवारी नव्हे?"

"मंगळवारी माझो उपास असता. उपाशी पोटान बादल्यो उचललंय, मी इसरान काय?"

सरबत मी तसंच ठेवलं. खाली उतरले आणि फळ्यासमोर उभी राहिले. हाच फळा रखमाने मंगळवारी वाचला होता. मग गॅलरीत मंगळवारी आलेला "झोपतो आहे" तो फळा चाळीत कुणी पाहिला?

कुणीच नाही.

मी मोबाईलवर मंगळवार-बुधवारचे दोन्ही फोटो उघडले. मोठे केले. गुरुवारपासून ते फोटो बघताना मला काहीतरी भुंडं भुंडं वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं. मागचा आठवडा काढला, मागचा महिना काढला. आणि मग दिसलं. जिन्याच्या पायरीवर बसून पुन्हा एकदा पडताळून पाहिलं.

श्रेयाला फोन केला. "उद्या सभेला ये. आणि त्या इन्स्पेक्टरला निरोप दे, म्हणावं म्हातारी चहा पाजतेय."

६

सभेला माणसं अशी नव्हतीच. रखमा, सुरुची, श्रेया, मंडळाचे दोघं, धुरी साध्या कपड्यात मागे उभे. यशोधन पांढरा कुडता घालून आला होता.

मी फळा पुसला आणि खडू त्याच्या हातात दिला.

"तूच लिही. तुझं अक्षर त्याचंच."

त्याने लिहिलं. सावकाश, सुरेख. जगदीश तावडे यांचं दुःखद निधन. खाली गॅलरी परिवार. लिहून बाजूला झाला.

"वर श्री राहिला की रे," मी म्हटलं.

तो दचकला. "नलूताई, मयताच्या फळ्यावर श्री लिहितात का?"

"नाही लिहीत?"

"छे! या वयात मी सांगायचं तुम्हाला? हात उचलत नाही माणसाचा."

"विधीबिधी मानत नाहीस ना तू?"

"मानण्याचा काय संबंध? लहानपणापासूनची…" आणि तो थांबला. मला वाटतं, तेव्हाच त्याच्या लक्षात आलं.

मी श्रेयाला खूण केली. तिने मोबाईल सगळ्यांपुढे धरला.

"वीस वर्षं जगदीशने रोज फळ्यावर श्री काढला," मी म्हटलं. "तापात काढला, कुणी गेलं तेवढे दिवस सोडून एकदाही चुकला नाही. रविवारी आहे, सोमवारी आहे. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. वर लिहिलंय, मला बरं वाटतंय! का रे? लिहिणाऱ्याला माहीत होतं की हा मयताचा फळा आहे. डोक्याने खोटं लिहिलं, हाताला ते जमलं नाही."

"हे काहीतरीच आहे," यशोधन धुरींकडे बघत म्हणाला. "मी देशात नव्हतो. आणि श्री न लिहिणं मुंबईतल्या हजार म्हाताऱ्यांना माहीत आहे!"

"बरोबर. मलाही आहे, सुरुचीलाही आहे. म्हणून रखमाला विचारलं."

रखमाने आपल्या बादल्यांची कथा सांगितली. या वेळी आणखी दोन पिंपं वाढली होती, पण मंगळवार कायम होता.

"म्हणजे बुधवारचा फळा मंगळवारी सकाळीच जिन्याखाली होता," मी म्हटलं. "सोमवारी संध्याकाळीच कुणीतरी दोन फळे लिहिले. आधी मंगळवारचा, फोटो काढून पुसला. मग बुधवारचा, तो राहिला. बुधवारी पाणी नाही, हे पेपरात आधीच छापून आलं होतं. आता सांगा, धुरीसाहेब. राजेश हाकेच्या अंतरावर राहतो, सुरुची दादरला. त्यांना रोज येऊन रोजचा फळा लिहिता आला असता. दोन्ही एकदम कुणाला लिहावे लागतील? जो मंगळवारी इथे नसणार त्याला. याने पासपोर्ट काढून दाखवला ना, तोच याच्याविरुद्धचा पुरावा."

"फोटो आपोआप कसे चढले मग?" धुरी आता पुढे आले होते.

सुरुचीचा आवाज चिरका झाला. "जगदीश गणपतीला गावी जायचा, तेव्हा यशोधनने सोय करून दिली होती. फोटो आधी भरून ठेवायचे, ठरल्या वेळी लागतात. नलूताईने सांगितलं म्हणून काल आत जाऊन पाहिलं. दोन्ही फोटो सोमवारी संध्याकाळी भरलेत. लागोपाठ."

यशोधन खाली बसला. पायरीवर, कुडत्यासकट.

"मी ते चोरांना नव्हतं दिलं," तो म्हणाला. "एका कंपनीला हवे होते आवाज, मशीनला बोलायला शिकवायचं म्हणून. कुणाच्या उपयोगाचं राहिलं होतं ते सगळं? गॅलरी मेलीच होती. त्यांनी पुढे कुणाला विकलं, मला काय माहीत? जगदीशदादाला म्हटलं, नाव नको घेऊ, माझा धंदा बुडेल. तो म्हणाला, काकूंच्या तेराव्याला तू जिलबी वाढत होतास. मी फक्त ढकललं हो. एकदाच. तो पडला तो उठलाच नाही. हाक मारली, हलवला. गेला होता तो! मग वाटलं, उद्या फळा लागला नाही तर सगळे फोन करतील, दार ठोठावतील. मला फक्त दोन दिवस हवे होते."

श्रेया हुंदके देत होती. मी तिचा हात घट्ट धरला.

"यशोधन," मी म्हटलं, "डॉक्टरांना विचार. तो गेला नव्हता."

त्याने वर बघितलं.

"तू खाली येऊन मयताचे फळे लिहीत होतास, तेव्हा तो वर जिवंत होता. रात्रभर होता. मंगळवारी सकाळपर्यंत होता. फळा लागला नसता तर मी नऊला फोन केला असता. रखमा गुडघ्यांना शिव्या देत वर गेली असती. एवढ्यासाठीच होता तो फळा."

धुरींनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि जिन्याखालून नेलं.

७

राजेश दुसऱ्या दिवशी सुटला. श्रेयाने बापाला मिठी मारली ती सोडेचना. त्याने मला नमस्कार केला आणि म्हणाला, "बुधवारी किल्ली बरोबर असती तर, मावशी…" मी म्हटलं, "असती तरी उशीरच झाला होता, बाबा." त्याला तेवढंच ऐकायचं होतं.

मग मी फळ्याचा फोटो काढला. यशोधनच्या अक्षरातला नको म्हणून आधी पुसून माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिला. वर जागा कोरी सोडली. सुरुचीने तो गॅलरीत लावला.

त्या दिवशी गॅलरी भरली. वर्षानुवर्षं न फिरकलेली माणसं आली, दुबईहून, न्यू जर्सीहून, संक्रमण शिबिरातून. पासवर्ड विसरलेले सुरुचीला फोन करून करून आत शिरले. सगळे एकच विचारत होते, कधी गेला?

मी खरं तेच लिहिलं. मंगळवारी सकाळी. साधारण तेव्हाच, जेव्हा मी फळा वाचला, "आराम कर रे" असं म्हटलं, आणि खाली लिहिलं, हजर.